पंचविसावी फेरी

निकाल जाहीर झाला तेव्हा पायल मैदानाच्या कडेला गवतावर पालथी पडली होती आणि कुणीतरी तिच्या मानेवर बर्फ धरला होता. लाउडस्पीकरवरच्या माणसाला मराठी नावं धड म्हणता येत नव्हती. महिलांची दहा हजार मीटर शर्यत, पहिली केरळची, दुसरी पंजाबची आणि तिसरी ‘महाराष्ट्र की पायल शेजवाल’. हे नाव आपलंच आहे हे तिला आधी कळलंच नाही. हरिचंद्र सर प्रेक्षकांच्या बाजूचा कठडा ओलांडून धावत आले, त्यांनी तिला उठवून बसवलं.

“ब्राँझ,” ते म्हणाले. “नॅशनलचं ब्राँझ, पायल. पाणी पी आधी.”

चौथी अक्षदा आली होती. ती थोड्या अंतरावर कमरेवर हात ठेवून उभी होती. दोघी चार वर्षं अंबरनाथ पूर्वेच्या एकाच मैदानावर, सरांच्याच हाताखाली सराव करत होत्या, आणि या अंतराच्या शर्यतीत पायलने अक्षदाला कधी हरवलं नव्हतं. आता अक्षदा फलकाकडे बघत होती, मग पायलकडे, मग परत फलकाकडे. ती रागावलेली दिसत नव्हती. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असं वाटणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. पायलने हात पुढे केला. अक्षदाने तो धरला आणि सोडला.

स्पर्धा दक्षिणेत होती. परतीच्या दीड दिवसाच्या प्रवासात अक्षदा वरच्या बर्थवर तोंड फिरवून पडून राहिली. सर मात्र एकसारखे बोलत होते. कल्याण आलं तेव्हा ते दोघींना म्हणाले, “घरी गेल्यावर शर्यतीचा जास्त काथ्याकूट करायचा नाही. पदक आपल्या मैदानावर आलं, बस.” तेव्हा पायलला त्यात काही वावगं वाटलं नाही.

हे दोन हजार चार साल. अंबरनाथच्या त्या वस्तीत राष्ट्रीय स्पर्धेचं पदक कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पायलचे वडील सुदाम एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत शिफ्टवर होते. त्यांनी सुट्टी टाकली आणि नाक्यावर पायलच्या फोटोचा फ्लेक्स लावला. बुद्धविहारात सत्कार झाला. उल्हासनगरचा एक सिंधी व्यापारी बुटांची जोडी घेऊन आला आणि “बेटा, मेडल थोडा सामने, फोटो में आना चाहिए” असं म्हणत तिच्याशेजारी उभा राहिला. पायलची आई अंजना मागच्या रांगेत बसून डोळे पुसत होती.

सत्कारात सुदामनी माइक हातात घेतला. त्यांना भाषणाची सवय नव्हती, पण त्या दिवशी थांबवेना.

“ही अक्षदाच्या मागे होती, बरं का,” ते म्हणाले. “अक्षदा म्हणजे तिकडे बदलापूरच्या पुढची, भोप्यांची पोरगी. पहिल्या दहा फेऱ्यांतच ती हिला सोडून लांब गेली. टीव्हीवर नव्हतं, पण मला सरांनी सगळं सांगितलंय. आणि शेवटी अक्षदा हिच्या मागे. पायल, तूच सांग सगळ्यांना, कुठे गाठलंस तिला?”

पायल उठली, माइक घेतला आणि बोलायला तोंड उघडलं. तिला अक्षदा पुढे जाताना आठवत होती. वेणीला बांधलेली हिरवी रिबीन लांब लांब जात दिसेनाशी झाली होती. शेवटच्या फेरीत अक्षदा मागे होती हेही आठवत होतं. मधलं काहीच आठवत नव्हतं. तिने अक्षदाला ओलांडलं होतं, असं ओलांडताना शेजारून जावं लागतं, खांद्याला खांदा लागतो, मनात काहीतरी उसळतं. त्यातलं एकही तिला सापडेना.

“बाराव्या-तेराव्या फेरीनंतर,” ती म्हणाली. “तेव्हा कधीतरी.”

टाळ्या पडल्या. पायल खाली बसली आणि तिला एकदम भीती वाटली. आपण आत्ता खोटं बोललो की नाही हेच तिला माहीत नव्हतं.

दहा हजार मीटर म्हणजे मैदानाला पंचवीस फेऱ्या. अर्धी शर्यत झाली की पुढच्या मुली मागच्यांना एकेका फेरीने गाठू लागतात, आणि मग कोण खरंच पुढे आहे हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून प्रत्येकीच्या फेऱ्या मोजायला माणसं बसवलेली असतात. शेवटची फेरी उरली की ती ओरडून सांगतात. पायलला उद्देशून कुणीतरी “लास्ट लॅप” असं ओरडलं होतं. ती जीव तोडून पळाली होती आणि संपल्यावर पडली होती. तिने स्वतः फेऱ्या मोजल्या नव्हत्या. उन्हाने डोकं भणभणत होतं, कोण मोजणार.

पुढे गेलेली अक्षदा मागे आली कशी? याची दोनच उत्तरं होती. एकतर पायलने तिला गाठून ओलांडलं होतं. नाहीतर अक्षदाच मैदानाला वळसा घालून, जवळजवळ एक फेरी जास्त पळून, तिच्या पाठीशी आली होती. तसं असेल तर पायल चोवीस फेऱ्यांवर थांबली होती.

हा विचार एकदा आत शिरला तो शिरलाच. सकाळी सरावाला गेल्यावर ती प्रत्येकाचा चेहरा वाचू लागली. अक्षदा येत नव्हती. सर म्हणाले, तिला संध्याकाळची वेळ दिलीय. का दिली, ते त्यांनी सांगितलं नाही. दोन मुली बोलता बोलता पायल जवळ आली की बुटांच्या नाड्या बांधायला वाकत. पायलला वाटलं, अक्षदाच हे पसरवते आहे. मग वाटलं, सरांना आधीपासूनच माहीत आहे. मग वाटलं, हे सगळं आपल्याच मनाचं आहे. आणि हे शेवटचं तिला जास्तच झोंबलं.

एका सकाळी सगळे गेल्यावर तिने सरांना गाठलं.

“सर, माझ्या फेऱ्या बरोबर झाल्या होत्या ना?”

हरिचंद्र सर मैदानावर फक्की टाकत होते. ते थांबले नाहीत. पांढरी रेघ ओढतच म्हणाले, “पेपरात काय छापून आलं?”

“तिसरी.”

“मग? पंच काय वेडे आहेत का? तुझ्या मनात हे कुणी घातलं?”

“कुणी नाही.”

“मग काढून टाक. नोकरीची ट्रायल आहे पुढच्या महिन्यात. खेळाडूंच्या कोट्यात नॅशनलच्या पदकाला किंमत असते. तिकडे लक्ष दे.”

त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. रेघही वाकडी गेली होती. ती त्यांनी बुटाने पुसली.

त्याच आठवड्यात सुदाम सेकंड शिफ्टला जायच्या तयारीत असताना शेजारचा एकजण येऊन त्यांच्याशी दारात हळू आवाजात बोलला. आत आल्यावर सुदाम खुर्चीत बसले. डबा हातातच होता.

“काय झालं?” अंजनाने विचारलं.

“अक्षदाचा काका आहे ना, नाथा. मैदानाबाहेरच्या टपरीवर चार माणसांत बोलला.” सुदामांचा आवाज अगदी सपाट होता. “म्हणे, ह्यांना सगळीकडे सवलत. आता पळण्यातपण एक फेरी माफ.”

पायल मोरीपाशी उभी होती. तिचे हात ओले होते आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही.

“चार वर्षं ही पोरगी पहाटे उठून पळते,” सुदाम म्हणाले. “तेव्हा कुणी सवलत दिली नव्हती. एक पदक आणलं तर ह्यांच्या पोटात दुखलं. पायल, तू त्या बाजूला बघायचंपण नाही आता. आणि कुणी विचारलं तर मान वर करून सांगायचं, तिसरी आले म्हणून.”

पायल हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? नाथाचं ते बोलणं तिच्याही अंगाची आग करून गेलं होतं. पण तेव्हापासून तिची शंका जास्तच अवघड झाली. आधी ती फक्त एका शर्यतीची शंका होती. आता ती खरी निघाली असती तर टपरीवरच्या त्या घाण वाक्याला तिने स्वतः पुरावा दिल्यासारखं झालं असतं.

तिने ते दोन आठवडे दाबून धरलं. मग एका दुपारी, आईला उल्हासनगरला बूट बदलायला जाते असं सांगून, ती उलट्या दिशेच्या रिक्षात बसली.

अक्षदाचं गाव बदलापूरच्या बाहेर होतं. आता गाव कमी आणि बांधकामं जास्त होती. भोप्यांच्या घरामागे भातखाचर होतं आणि खाचराच्या पलीकडच्या कडेला सात मजली इमारतीचा सांगाडा उभा होता. अक्षदाची आई कौसाबाई अंगणात सुकट निवडत बसली होती. तिने पायलला ओळखलं. चेहरा बदलला नाही.

“ये गो,” ती म्हणाली. “अक्षदा, कोण आलंय बघ.”

अक्षदा दारात आली. दोघी अंगणाच्या टोकाला, खाचराच्या बांधाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“तू सगळ्यांना सांगतेस ना, मी फेरी चोरली म्हणून?” पायल म्हणाली. तिने वाटेत असं काही ठरवलं नव्हतं. तोंडातून हेच निघालं.

“मी कुणालाच नाय सांगितलं. फक्त घरी सांगितलं. आणि सरांना.”

“सरांना कधी?”

“तिथंच. निकाल सांगितला तेव्हा. मी सरांना म्हटलं, पायल अजून एक फेरी मागं आहे, मी तिला गाठायला आले होते. अर्ध्या तासात तक्रार करायची असते. सर म्हणाले, कशाला, दोघीपण आपल्याच. पदक कुठे दुसरीकडे चाललंय का?”

पायलला हे खोटं असावं असं फार वाटलं. तिने अक्षदाच्या चेहऱ्यात खोट शोधली. कौसाबाई लांबून त्यांच्याकडे बघत होती, तेही तिला ठरवून चाललेलं वाटलं.

“तू हे आता रचून सांगत नाहीस कशावरून?”

“नसेल विश्वास तर नको ठेवूस.” अक्षदा पहिल्यांदाच चिडली. “मला शेवटच्या फेरीत तू पुढं दिसत होतीस. मला वाटलं, हिची अजून एक बाकी आहे, हिच्याशी कशाला झुंजायचं. मी माझ्या वेगाने आले. मला माहीत असतं की तुझीपण शेवटची सांगितलीय, तर मी तुला सोडलं असतं का? तुझ्यासारख्या दोन मुली खाल्ल्या असत्या मी तिथं.”

त्या बोलण्यात घमेंड होती, पण खरीच होती. पायलला ते माहीत होतं.

“तू सांग,” अक्षदा म्हणाली. “मला ओलांडल्याचं तुला आठवतं?”

पायल बांधाखालच्या पाण्याकडे बघत राहिली.

“नाही,” ती शेवटी म्हणाली. “पण नाही आठवत म्हणजे झालं नाही असं नसतं. मला त्या उन्हातलं काहीच आठवत नाही. माझ्याबरोबर पळशील? पूर्ण पंचवीस. आपल्या मैदानावर.”

“त्याने काय होणार?”

“मला माझं तरी कळेल.”

अक्षदाने बांधावरचं एक ढेकूळ पायाने फोडलं. “मोजणार कोण?” तिने विचारलं. “तुझ्या माणसांवर माझा काका विश्वास ठेवणार नाही.”

“मग त्यांना घेऊन ये. मी माझ्या आईला आणते.”

आईला सांगणं सोपं नव्हतं. अंजनाने सगळं ऐकून घेतलं आणि आधी एकच विचारलं, “तुझ्या पप्पांना माहीत आहे?” नाही म्हटल्यावर तिने कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाली, “रविवारी त्यांची फर्स्ट शिफ्ट आहे.”

रविवारी सरांची सुट्टी असे, मैदान रिकामं होतं. कंपन्यांच्या बाजूने नेहमीचा उग्र वास येत होता. नाथा मोटरसायकल उभी करून आला. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस. त्याने अंजनाकडे बघून मान हलवली. अंजनाने हलवली नाही. दोघं सुरुवातीच्या रेघेपाशी दोन हात अंतर ठेवून बसली. नाथाने फरशीचा तुकडा घेतला होता, त्यावर खडूने दोघींच्या नावाखाली एकेक रेघ मारायची. अंजनाने काडेपेटी आणली होती. पायलच्या काड्या उजवीकडे, अक्षदाच्या डावीकडे.

“मी दोगींच्या मोजतो,” नाथा म्हणाला. “मंग नंतर कटकट नको.”

“मीपण दोघींच्याच मोजणार आहे,” अंजना म्हणाली.

मुली निघाल्या. पहिल्या काही फेऱ्या बरोबरीने गेल्या. मग अक्षदाने वेग वाढवला आणि पायलने ती जाऊ दिली, जशी तिकडे जाऊ दिली होती. हिरवी रिबीन नव्हती आज, साधं रबर होतं. अंतर वाढत गेलं. पुढच्या वळणावर अक्षदा दिसायची, मग समोरच्या अंगाला, मग बघायचंही पायलने सोडून दिलं. तिच्या पोटात डावीकडे दुखू लागलं. तिने आज फेऱ्या मोजायच्या ठरवल्या होत्या आणि चौदाच्या आसपास तिचा आकडा घसरलाच. पंधरावी की सोळावी? तिला स्वतःची कीव आली.

त्यानंतरचा वेळ नुसता पायांचा होता. ऊन चढलं. आणि मग पाठीमागून तिला श्वास ऐकू आला.

अक्षदाला पळताना ओठांतून श्वास फेकायची सवय होती, दर तिसऱ्या पावलाला ‘हुप्’ असा आवाज यायचा. सर तिला त्यावरून नेहमी बोलायचे. तो आवाज आता पायलच्या मागे हळूहळू जवळ येत होता. हा आवाज तिने तिकडे ऐकला होता. “लास्ट लॅप” असं ओरडल्यावर ती याच आवाजापासून पळाली होती, तिसऱ्या जागेसाठी कुणी आपला पाठलाग करतंय असं समजून. तो पाठलाग नव्हताच. अक्षदा वळसा घालून येत होती. आत्ता येत होती तशीच.

दोघी रेघेवरून जवळजवळ एकदमच गेल्या.

“शेवटची गो पोरींनो, शेवटची दोगींची,” नाथा ओरडला.

“दोघींची नाही भाऊ,” अंजना म्हणाली. “अक्षदाची शेवटची. पायलच्या अजून दोन आहेत.”

नाथाने वळून तिच्याकडे पाहिलं. “बाई, मी समोर बसून मोजतोय. दोगी एकदमच तर गेल्या.”

“एकदम गेल्या म्हणून काय झालं? पायल एका फेरीने मागे आहे. बघा काड्या.”

“तुमची पोर हाय आणि तुम्हीच तिच्या फेऱ्या वाढवता?”

“तिची झाली नाही तर नाही झाली,” अंजना म्हणाली. “मी काय तिला खोटी मोजू?”

नाथा आपल्या फरशीकडे बघू लागला. रेघा दाटीवाटीने मारलेल्या होत्या. दोघींच्या सारख्याच होत्या. मुली पलीकडच्या वळणावर होत्या तेव्हा त्याने त्या बोटाने पुन्हा मोजल्या. मधल्या टप्प्यात त्याने टपरीवरून आलेल्या एका ओळखीच्या माणसाशी दोन वाक्यं बोलून घेतली होती. तेव्हा अक्षदा गेली असेल, मग पायल गेली असेल, नाहीतर एकीसाठी दोन रेघा पडल्या असतील. त्याला सांगता येईना.

अक्षदा आली, रेघ ओलांडून थांबली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. “माझ्या पंचवीस,” ती म्हणाली. “काका, मी मोजल्यात.” पायल तिच्या किंचित आधी रेघेवरून गेली होती आणि ती थांबली नव्हती. ती पळतच होती.

“ती काय करते?” नाथाने विचारलं.

“तिची राहिलेली पळते,” अक्षदा म्हणाली.

पंचविसावी फेरी पायल एकटीच पळाली. तिघं रेघेपाशी उभी राहून बघत होती. मैदान एकदम मोठं झाल्यासारखं तिला वाटलं. पायांत काहीच उरलं नव्हतं आणि मागे कुणाचा श्वास नव्हता. ही फेरी तिने तिकडे केली नव्हती. याबद्दल आता तिला तिळमात्र शंका नव्हती. असलं काही शरीर विसरत नाही.

ती आली तेव्हा अंजनाने तिला धरलं. नाथा खाली बसला होता.

“मी तं ठरवून बघत होतो,” तो कुणाकडेच न बघता म्हणाला. “तरी माझ्याकडून एक जास्त पडली तुला.” मग फरशीवरच्या रेघा पुसत, “टपरीवर जे बोललो ते बोललो मी. बोलायला नको होतं.”

“ते पप्पांच्या कानावर गेलंय,” पायल म्हणाली.

नाथाने मान खाली घातली. यापेक्षा जास्त तो बोलला नाही, आणि पायलनेही मागितलं नाही.

त्या संध्याकाळी तिने सुदामना सांगितलं. ते टीव्हीवर बातम्या बघत होते. तिचं बोलणं संपेपर्यंत त्यांनी आवाज बंद ठेवला होता, चित्रं मात्र चालू होती.

“अंजने, तूपण गेलीस?” त्यांनी आधी हेच विचारलं.

“गेले.”

“आणि त्या माणसाच्या शेजारी बसून आपल्याच पोरीची फेरी कमी मोजलीस.”

“कमी नाही मोजली. होती तेवढी मोजली.”

सुदाम पायलकडे वळले. “तुला कळतंय का काय होणार? आता तो गावभर सांगत फिरेल. बघा, मी बोललो होतो. आपल्या माणसांनी काहीही मिळवलं की हे लोक त्यात चोरी शोधतात आणि तू त्यांना आयती देतेस.”

“पप्पा, ते म्हणाले मला फेरी माफ केली. मी मागितली नव्हती,” पायल म्हणाली. हे ती दुपारपासून मनात जुळवत होती. “पण आता मला माहीत झालंय. आता गप्प बसले तर मागून घेतल्यासारखंच झालं.”

“आणि नोकरी?”

“ट्रायलला हे पदक नाही दाखवणार.”

सुदामनी टीव्हीचा आवाज परत वाढवला. त्यानंतर बरेच दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले.

दुसऱ्या दिवशी पायल आणि अक्षदा दोघी मिळून सरांकडे गेल्या. हरिचंद्र सरांचा चेहरा आधी उतरला, मग कठीण झाला. “निकाल फायनल आहे,” ते म्हणाले. “तक्रारीची मुदत केव्हाच गेली. तुम्ही काय आता दिल्लीला जाऊन सांगणार, आमचं पदक काढून घ्या म्हणून?”

“तुम्हाला माहीत होतं,” पायल म्हणाली.

“मला संशय होता. संशय आणि माहीत असणं वेगळं.”

“मी विचारलं होतं तेव्हा संशय आहे एवढं तरी सांगायचं होतं, सर.”

सर तिच्याकडे न बघता म्हणाले, “अठरा वर्षं मैदान सांभाळतोय. एक पदक आलं. मी डोळे मिटले. तुम्हाला वाईट वाटत असेल तर वाटू दे.” त्यांनी वर अर्ज केला नाही. मुलींनी स्वतः केला. उत्तर आलं की मुदत टळून गेल्यामुळे निकालात बदल करता येत नाही. तेव्हा त्या वर्षीच्या निकालात तिसरं नाव पायलचंच राहिलं आणि अजून आहे.

पायलने पदक अक्षदाच्या घरी नेऊन दिलं. कौसाबाईने ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि देवळीत ठेवलं. अक्षदाला त्याचा कागदोपत्री काही उपयोग झाला नाही. प्रमाणपत्रावर तिचं नाव नव्हतं. नोकरीच्या ट्रायलला दोघीही पदकाशिवाय गेल्या आणि दोघींचीही निवड झाली नाही.

वस्तीत याची चर्चा व्हायची ती झालीच, पण सुदामना वाटली होती त्या बाजूने नाही. नाथाने टपरीवर सरळ सांगितलं की मोजण्यात चूक होते, माझीपण झाली. तिकडची, भोप्यांच्या बाजूची कुजबुज थांबली. इकडची सुरू झाली. एवढं पदक कुणी फुकट देतं का? भोप्यांच्या जमिनीवर बिल्डर आलाय, त्यांच्याकडे पैसा आहे. काहीतरी घेतल्याशिवाय का देईल? फ्लेक्स अजून नाक्यावर होता, त्याखाली उभं राहून माणसं हे बोलत.

एका संध्याकाळी सुदाम शिफ्ट संपवून येत होते. नाक्यावर त्यांच्याच आळीतल्या एका माणसाने हसत त्यांना थांबवलं. विहारात सत्काराच्या दिवशी पहिला हार यानेच घातला होता.

“जय भीम, सुदामभाऊ. मग काय, सौदा चांगला झाला म्हणे? घर बांधताय की गाडी घेताय?”

सुदामनी हातातला डबा दुसऱ्या हातात घेतला. नाथाचं वाक्य ऐकलं तेव्हा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण ते परक्याचं होतं. हे घरचं होतं.

“माझ्या पोरीला एक फेरी चुकून मिळाली,” ते म्हणाले. “तिने ती परत केली. त्यात सौदा कुठे आला ते मला समजावून सांग. मी उभा आहे.”

त्या माणसाने गंमत केली, गंमत केली असं म्हणून हात झटकले. सुदाम तिथून हलले नाहीत. त्यांनी त्याला तीच गोष्ट पुन्हा विचारली. शेवटी तो माणूसच निघून गेला. मग सुदामनी दुकानातून कात्री मागून घेतली आणि फ्लेक्सच्या चारही कोपऱ्यांच्या सुतळ्या कापल्या. गुंडाळी काखेत मारून ते घरी आले.

अंजना दारातच होती. तिने काखेतल्या गुंडाळीकडे पाहिलं, पण विचारलं नाही. सुदाम आत गेले. पायल अभ्यासाला बसली होती.

“पुढच्या वर्षीची निवड कधी असते?” त्यांनी विचारलं.

“ऑगस्टमध्ये. पण माझी होईल असं नाही, पप्पा. अक्षदा पुढेच असते. आणखी तिघी-चौघी आहेत.”

“होईल की नाही ते विचारलं नाही मी,” सुदाम म्हणाले. “कधी असते ते विचारलं.” मग ते शर्टाची बटणं सोडत म्हणाले, “मी सुट्टी टाकतो तेव्हा.”

निवडीत पायल सहावी आली आणि तिची निवड झाली नाही. सुदाम रेघेपाशी अंजनाच्या शेजारी बसून होते. त्यांनी तिच्या सगळ्या फेऱ्या मोजल्या आणि घरी येताना वाटेत कुठली फेरी जड गेली एवढंच तिला विचारलं.